मास्तरांच्या पँटचं माप

आजच्या समारंभाचे अध्यक्ष, आपल्या कारखान्याचे मालक. ज्यांच्या औषधांपेक्षा ज्यांच्या डोळे वटारण्याचाच आम्हाला जास्त गुण येतो ते डॉक्टरसाहेब. सत्कारमूर्ती, आज निवृत्त होणारे आपले कटिंग मास्तर. पहिल्या रांगेत बसलेल्या मास्तरांच्या पत्नी, म्हणजे आम्हा सगळ्यांच्या वहिनी. आणि मघापासून पोटं आत ओढून बसलेल्या माझ्या सहकारी बंधुभगिनींनो, सर्वांना नमस्कार. फोटो काढून झाले आहेत. आता श्वास सोडायला हरकत नाही.

काजबटण विभागातर्फे मी दोन शब्द बोलावेत असं ठरलं. दोन शब्दांत माझं भागत नाही हे मालकांना ठाऊक असल्यामुळे त्यांनी माझ्यासमोर टेबलावर घड्याळ आणून ठेवलं आहे. मी ते जरा त्यांच्याकडे वळवून ठेवते, म्हणजे काळजी त्यांनाच राहील.

मंडळी, आपण गणवेश शिवणारी माणसं. ड्रायव्हर, नर्सा, पहारेकरी, हॉटेलातले वाढपी, सगळ्यांना आपण अंगाबरोबर बसेल असं शिवतो. आणि वर्षातून एकदा आपला स्वतःचा गणवेश इथेच, याच टेबलांवर बेतला जातो. माप घ्यायचं ते फक्त मास्तरांनी. इतर ठिकाणी माप घेणारा माणूस कंबरेचा आकडा असा ओरडून सांगतो की रस्त्यावरच्या लोकांनाही कळावा. आपले मास्तर मात्र आकडा मनातल्या मनात म्हणायचे आणि वर तोंडभरून सांगायचे, "वा! तब्येत छान आहे." तेवढ्याने आमच्या अंगावर मूठभर मांस चढायचं, आणि ते पुढे उतरायचं काही नाव घेत नसे.

बरं, शिवतानाच मास्तर आत भरपूर मार्जिन सोडायचे. चार-दोन महिन्यांनी पँट काचायला लागली की जेवणाच्या सुट्टीत माणूस हळूच त्यांच्याकडे जायचा. पडद्यामागे उभं राहायचं, पँट बाहेर द्यायची, चहा संपेपर्यंत ती सैल होऊन परत यायची. मास्तर काय म्हणायचे आठवतंय का? सांगा की! बरोबर. "काही नाही हो, कापड आटलंय."

आपल्या कारखान्यातलं कापड त्या काळात इतकं आटत होतं, की मालकांनी कापडाच्या व्यापाऱ्याला बोलावून चांगलं फैलावर घेतलं होतं. तो बिचारा शपथा घेत होता. मालक मान्य करायला तयार नव्हते, कारण पुरावा त्यांनी स्वतः घातला होता. अध्यक्षमहाराज, हसताय म्हणून सांगते, नाहीतर हे मी गाळणार होते.

मास्तरांच्या मनात खोट नव्हती. माणसाला वाईट वाटू नये, एवढंच त्यांना वाटायचं. पण मग तो दिवस आला.

आपले प्रेसवाले भाऊ, ते बघा, खांबाजवळ बसलेत, उठून दाखवा भाऊ. हं, बसा. तर भाऊ कपड्यांचा गठ्ठा घेऊन वर येत होते आणि मधेच पायरीवर बसले. चेहरा पांढराफटक, घामाने शर्ट अंगाला चिकटलेला. म्हणाले, "दम लागतोय. इथं घट्ट वाटतंय." आता मला सांगा, दुसऱ्या कुठल्याही ठिकाणी लोकांनी काय केलं असतं? डॉक्टरांकडे धावले असते. आपण काय केलं? आपण ओरडलो, "अहो, मास्तरांना बोलवा! भाऊंची पँट घट्ट झालीय!"

आणि मास्तर आले. हातात कात्री, कानामागे खडू. वाकले, पट्ट्याला हात घातला, आणि थांबले. त्यांनी पँटवरची नजर उचलून भाऊंच्या तोंडाकडे पाहिलं. कात्री तिथेच टाकली आणि असे ओरडले की सगळी मशीनं बंद पडली, "अरे, पँटचं काय घेऊन बसलात! गाडी आणा!"

वेळेवर पोचलो म्हणून भाऊ आज इथे आहेत. दवाखान्यात या डॉक्टरसाहेबांनी त्यांना विचारलं, "वजन केव्हापासून वाढतंय?" भाऊ नाकाला नळी लावलेली असताना ठामपणे म्हणाले, "वजन मुळीच वाढलेलं नाही. पँट कधीपासून तीच आहे."

बाहेर बाकावर मास्तर हे ऐकत होते. मी शेजारी होते. ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "ताई, टेप माझ्या हातात होती. याची कंबर माझ्या डोळ्यांदेखत वाढत गेली आणि मी दर वेळी कापडावर ढकललं." आणि ते रडले. मास्तरांना रडताना मी त्याआधी पाहिलं नव्हतं. मी माझा रुमाल त्यांच्या हातात दिला.

दुसऱ्याच दिवशी मास्तरांनी जाहीर केलं, की यापुढे एकही शिवण उसवली जाणार नाही. काय हलकल्लोळ झाला! कुणी शर्ट बाहेर सोडले, कुणी सेफ्टी पिना लावल्या, आपले कॅशियर तर उभ्यानेच काम करायला लागले. एका बड्या गिऱ्हाइकासमोर सुपरवायझरसाहेबांचं बटण सुटलं ते थेट त्या पाहुण्यांच्या चहाच्या कपात. लगेच काजबटण विभागावर ठपका! मी ते बटण कपातून काढून सगळ्यांना दाखवलं. दोरा शाबूत होता. बटण कापडासकट आलं होतं. आमचा विभाग कामात कसूर करत नाही.

मग मास्तरांनी मालकांकडे मागणी केली, की काम सुरू व्हायच्या आधी सगळ्यांनी कारखान्याला फेऱ्या मारायच्या आणि मान, पाठ, खांदे मोकळे करायचे. मालक म्हणाले, "आणि हा वेळ कुठून आणायचा?" मास्तर म्हणाले, "साहेब, रोज सकाळी मशीनला तेल घालतो आपण. तो वेळ वाया गेला असं तुम्ही कधी म्हणाला नाहीत. कारण मशीन अडलं तर काम अडतं. आता मशीनसमोर बसणाऱ्याचं काय करायचं, तेवढं सांगा." मालकांनी आधी मशीनकडे पाहिलं, मग स्वतःच्या पोटाकडे. मग म्हणाले, "पण मीसुद्धा चालायचं का?"

चालले, मंडळी. पहिल्या दिवशी आपली वरात अशी निघाली की शेजारच्या गॅरेजवाल्यांना वाटलं संप झाला. अर्धे लोक फाटकाशीच टेकले. वाकायला सांगितलं तर खाली पडलेली टाचणी उचलल्यासारखे वाकायचे आणि तसेच राहायचे. पण हळूहळू जमलं. मान आखडायची थांबली. दुपारी डोळे मिटायचे थांबले. कंबर कुणाची किती उतरली ते सोडा, डॉक्टरसाहेब म्हणतात, जिना चढताना बोलता येतं का ते बघा. मला येतं. ऐकणाऱ्यांचे हाल होतात. आणि भाऊ गठ्ठा घेऊन शीळ घालत वर येतात.

आता खरं तर मी इथे थांबायला हवं. वहिनी, मला खुणा करू नका, तोंड उघडलंच आहे तर बोलूनच टाकते.

निरोपाची भेट म्हणून मास्तरांना आपण सगळ्यांनी मिळून एक पँट शिवायची ठरवली. आणि लक्षात आलं, की साऱ्या जगाचं माप घेणाऱ्या या माणसाचं माप आजवर कुणी घेतलेलंच नाही. वहिनींनी गुपचूप त्यांची एक पँट आणून दिली. सवयीने मी ती उलटी केली. तर काय? कंबरपट्टीत मागच्या बाजूला इलॅस्टिक! अस्सल हातकाम, बाहेरून शंका येणार नाही. एकाला जोडून दुसरा तुकडा, दुसऱ्याला तिसरा.

मग डोक्यात प्रकाश पडला. रोज आपल्याला फेऱ्यांना कोण पिटाळतं? मास्तर. आणि त्या वेळी फाटकाशी स्टुलावर कोण बसतं? "शेवटचा माणूस येईपर्यंत मला इथून हलता येत नाही," असं कोण सांगतं? वहिनी म्हणाल्या, "घरी जिन्यात अर्ध्यावर थांबतात. विचारलं तर म्हणतात, भिंतीचा रंग बघतोय. आणि आता निवृत्तीसाठी आरामखुर्ची आणलीय." हे सांगताना वहिनींचे डोळे भरले होते. मास्तर, तुम्हाला ते दिसलं नसेल, तुम्ही रंग बघत होतात.

म्हणून वहिनींनी कपाटातून तुमची जुनी, इलॅस्टिकच्या आधीची पँट शोधून दिली. त्या मापाने आम्ही ही नवी शिवली आहे. भाऊंनी स्वतः इस्त्री केली आहे. सांगायला अत्यंत आनंद होतो, की ही पँट तुम्हाला होणार नाही. आत मार्जिन अजिबात ठेवलेलं नाही. उद्या सकाळी आधी डॉक्टरसाहेब तुम्हाला तपासतील, आणि मग ते सांगतील तेवढं तुम्ही चालाल. स्टूल काजबटण विभागाने ताब्यात घेतलं आहे. तुमच्या बरोबरीने, तुमच्याच चालीने, भाऊ चालणार आहेत. मी त्यांना विचारलं, "तुम्हीच का?" ते म्हणाले, "त्या दिवशी मास्तरांनी माझी पँट सोडून माझ्याकडे बघितलं. आता मी त्यांच्याकडे बघणार."

अध्यक्षमहाराज, तुम्ही घड्याळ उलटं करून ठेवलंत, आभारी आहे. डॉक्टरसाहेबांचे आभार, वहिनींचे विशेष आभार. बोलण्याच्या ओघात कुणाची कंबर, कुणाचं बटण चव्हाट्यावर आलं असेल, मोठ्या मनाने माफ करा. मास्तर, तुम्हीही माझ्यावर राग धरू नका.

पण कापड आटलेलं नाही, मास्तर. उद्या सकाळी फाटकाशी या.