नळीचा पीळ आणि आमचे उस्ताद

सन्माननीय अध्यक्षमहोदया, व्यासपीठावरील पाहुणेमंडळी, आपल्या नेमबाजी क्लबाचे सर्व सभासद, पहिल्या रांगेत बसलेल्या आम्हा सर्वांच्या वहिनी, आणि आज तेलाचे डाग नसलेल्या सदऱ्यात आल्यामुळे चटकन ओळखू न आलेले आमचे उस्ताद,

आज त्यांच्या निरोपाला आपण सर्वांनी क्लबाच्या कार्यशाळेतल्या त्यांच्या बंदूकदुरुस्तीच्या कारागिरीचं कौतुक केलंत, ते रास्तच आहे. मी पेशाने दातांची डॉक्टर. समोरच्याचं तोंड उघडं ठेवून स्वतः बोलत राहायची सवय, तेव्हा थोडं सांभाळून घ्या.

क्लबाच्या संघात एकच जागा उरली होती, त्या वर्षीची गोष्ट. त्या जागेसाठी मी झटत होते आणि उस्तादही. वयाच्या अटीमुळे संघात जायची त्यांची ती शेवटची संधी होती. लांब पल्ल्याला वारा गोळीला ढकलतो, म्हणून मी मोठ्या हौसेने लांबोडक्या, निमुळत्या गोळ्या आणल्या. त्या वारा चांगला कापतात, असं सगळेच सांगत होते.

आणि नेम बसेचना. एक गोळी वर, एक डावीकडे, एक तर कागदालाच लागली नाही. उस्तादांकडे गेले. ते म्हणाले, "डॉक्टरीणबाई, श्वास चुकतोय." श्वास सुधारला. मग म्हणाले, खांदा ढिला आहे. मग डोळा. महिनाभर हेच. माझ्या शरीराचा एकही अवयव त्यांनी सोडला नाही. मीही हट्टाने सराव करत राहिले आणि घरी सगळ्यांवर चिडत राहिले.

शेवटी एक दिवस मी जवळच्या अंतरावर कागद लावला, गोळ्या झाडल्या आणि तो कागद त्यांच्या कामाच्या टेबलावर नेऊन ठेवला. भोकं गोल नव्हती. लांबट होती, गोळी आडवी शिरावी तशी. उस्तादांनी चष्मा वर केला, खाली केला.

मग त्यांनी सफाईच्या गजाला घट्ट चिंधी लावली, गजावर खूण केली आणि तो हळूहळू माझ्या रायफलीच्या नळीत सारला. नळीच्या आतल्या पीळदार खाचा गजाला फिरवत होत्या. खुणेचा एक फेरा पूर्ण झाला तेव्हा गज बारा इंच आत गेला होता.

"हा पीळ आखूड गोळीसाठी आहे," ते म्हणाले. "गोळी जितकी लांब, तितकी तिला गरगर फिरवावी लागते, नाहीतर हवेत डुलते आणि कोलमडते. तुझ्या गोळीला आठ इंचांत एक फेरा हवा. नळीत खोट नाही, गोळीतही नाही. लग्न तेवढं चुकीचं जुळलंय."

"मग आता?" मी विचारलं. नवी नळी मागवायला वेळ नव्हता. आठाच्या पिळाची नळी क्लबात एकाच रायफलीला होती. उस्तादांच्या.

त्यांनी ती उतरवायला घेतली. मी म्हटलं, "उस्ताद, अहो, आणि तुम्ही?"

"तुझी लावतो. माझ्याकडे आखूड गोळ्या पडल्यात. वारा पडला तर तुला पाणी पाजीन."

"पण कशाला?"

"महिनाभर तुला श्वासाचं प्रवचन दिलं. चूक माझी होती. दुरुस्त करायची तर पुरती करावी."

नळ्यांची अदलाबदल झाली. दोन्ही रायफली त्यांनी नीट तपासल्या, स्वतः झाडून पाहिल्या, मगच माझी माझ्या हाती दिली.

निवडीच्या सामन्याच्या दिवशी सकाळी वारा खरंच पडलेला होता आणि उस्ताद पुढे होते. मी मनातल्या मनात हार मानली होती. मग निशाण्याजवळची, वारा दाखवणारी निशाणं हलली, ताठ झाली. त्यांच्या आखूड गोळ्या भरकटू लागल्या, माझ्या टिकल्या. वहिनी मागे दुर्बीण घेऊन बसल्या होत्या. शेजारणीला म्हणाल्या, "नवऱ्यासाठी टाळ्या वाजवू की नवऱ्याच्या नळीसाठी?"

जागा मला मिळाली. मला त्यांच्याकडे बघवेना. तेच चालत आले, हात पुढे केला. "वाऱ्याने हरवलं मला. पण तू छान खेळलीस. आता रडू नकोस, दातांची डॉक्टर रडली की पेशंट घाबरतात." त्या वेळी ते हसत होते, पण काढलेला हातमोजा त्यांनी पुन्हा चढवला आणि पुन्हा काढला, तेही मी पाहिलं. त्यानंतर आजवर त्यांनी त्या दिवसाचा एका शब्दानेही उच्चार केलेला नाही. म्हणून आज मी केला.

आता एक ताजी बातमी. मघाशी वहिनींनी कानात सांगितलं की, ज्येष्ठांच्या नव्या गटात उस्तादांनी आज सकाळीच नाव घातलंय आणि नवी नळीही मागवलीय. पीळ कितीचा, ते मात्र घरातही सांगत नाहीत. ज्येष्ठांचा आणि आमचा सामना एकाच मैदानावर, एकाच वाऱ्यात होणार आहे. तेव्हा कार्यशाळा आज त्यांना भले निरोप देत असेल. मला मात्र उद्यापासून सरावाला लागलं पाहिजे.

आपण शांतपणे ऐकून घेतलंत, आयोजकांनी मला बोलू दिलं, मनापासून आभार. बोलण्याच्या भरात एखादा शब्द भरकटून कुणाला लागला असेल, तर तो पोटात घाला, ही विनंती.