भामा नदीतला बांगडा

तो तिसरा रविवार होता की चौथा, हे मला आता खात्रीने सांगता येणार नाही. चाकणचे मेकॅनिक सलीमभाई माझ्या सहा वर्षांच्या नातीला, ईशाला, भामा नदीवर मासे पकडायला शिकवत होते. त्यांच्या गळाला मासे लागायचे, हिच्या गळाला एकही नाही.

"आजोबा, मला जमतच नाही. मी आता येणार नाही," असं ती रडवेली होऊन म्हणाली, आणि मी घाबरलो. माझी डॉक्टरेट आहे, पण यावर काही उपाय सुचेना. शेवटी पुढच्या रविवारी जाताना बाजारातून एक मासा घेतला. आम्ही शाकाहारी, माशांतलं मला काहीच कळत नाही. विकणारी "बांगडा घ्या, ताजा आहे" म्हणाली, मी मान डोलावली. नदीवर ईशा डबा खात असताना तो हळूच तिच्या गळाला अडकवून पाण्यात सोडला.

"आजोबा, लागला! लागला!" ती ओरडली.

सलीमभाईंनी माशाकडे पाहिलं, मग बराच वेळ माझ्याकडे.

"बेटा," ते गंभीरपणे म्हणाले, "तीस वर्षं मी इथं गळ टाकतोय. हा मासा मला कधीच मिळाला नाही."

मला वाटलं, सुटलो.

ईशा कॉलेजात गेल्यावर एकदा धीर करून मी तिला सगळं सांगितलं.

"ते मला तेव्हाच कळलं होतं, आजोबा. मासा बर्फासारखा गार होता."

"मग बोलली का नाहीस?"

"तुमचे हात किती थरथरत होते! म्हटलं, राहू दे."