दुपारचे डाव

मेंदूच्या डॉक्टरांकडे माझा नंबर सतरावा होता. शेजारी मोबाइलवर बुद्धिबळ खेळणारे आजोबा आणि त्यांची लेक.

"तृप्ती, रोज दुपारी माझ्या खात्यावरून कोण हरतं? मी तर झोपलेला असतो."

"मीच, अण्णा. जेवणाच्या सुट्टीत."

"अंबडच्या कंपनीत हरायचा पगार देतात का?"

"रेटिंग उतरलं की तुम्हाला सोपे भिडू मिळतात."

"म्हणजे मी कच्च्या पोरांना हरवतोय? लबाडी आहे ही!"

"चुकलं. उद्यापासून नाही हरणार."

"शपथ?"

"तुमची शपथ."

नर्सने आजोबांना वजन करायला नेलं. लेकीने फोन लावला.

"वहिनी, दुपारचे डाव अण्णाच खेळतात गं. त्यांना आठवत नाही. मी माझ्यावर घेतलंय. उद्यापासून दुपारी त्यांचा मोबाइल तेवढा लपवून ठेव."