नाल्यातल्या गारगोट्या आणि जगदेवचे हिरे

पोलीस ठाणे रिसोड. एप्रिल १९३४.

मी गोजराबाई भ्रतार रंगराव माळी, वय अंदाजे चाळीस, धंदा भाजीपाल्याची बागाईत, राहणार रिठद, तालुका वाशीम. जमादारसाहेबांनी समक्ष विचारल्यावरून सांगते, ते असे:

आमच्या मळ्याच्या खालून नाला जातो. तो उन्हाळ्यात कोरडा पडला की मी व हुस्नाबानो तिथे गारगोट्या वेचतो. हुस्नाबानो ही आमच्या गावच्या मेहबूब कलईवाल्याची बायको. पट्टेवाल्या दगडाला ती अकीक म्हणते. उन्हासमोर धरला तर त्यात कांद्यासारखे पापुद्रे दिसतात. काही दगड वरून ओबडधोबड व आतून पोकळ निघतात. असा पहिला फुटला तेव्हा ती म्हणाली, "गोजरा, याच्या पोटात त साखर भरली वं." तो आम्ही धुऊन माझ्या ओट्यावर ठेवला.

फिर्यादी जगदेव याचे वावर नाल्याच्या पलीकडे आहे. त्याने तो दगड चमकताना पाहिला व हिरा आहे काय, असे विचारले. मी सांगितले, "गारगोटी हाय."

तो म्हणाला, "मंग धुऊन-पुसून कायले ठेवली?"

"पाहाले."

"नुसती पाहाले?"

"हाव."

यावर त्याचा विश्वास बसला नाही. दुसऱ्या दिवशी तो कुदळ घेऊन नाल्यात उतरला. त्याला पाहून गावातली आणखी माणसे उतरली. जो तो मला येऊन हिऱ्याचे विचारी. मी प्रत्येकाला नाही म्हणून सांगितले. मी जितके नाही म्हणे तितकी कुदळ जोरात चाले. यात माझा काय कसूर, ते मला समजले नाही.

ही माणसे दगड फोडत, आत हिरा नाही पाहून फेकून देत. आम्ही दोघी काठावर बाभळीखाली टोपल्या घेऊन बसलो होतो. फेकलेले दगड उचलण्यास कोणी मनाई केली नाही. जगदेवने स्वतः दोन टोपल्या भरण्याइतके फेकले.

उंबराजवळचा काठ फार कठीण आहे. तिथे चांगला दगड असावा असे आम्हांस बऱ्याच वर्षांपासून वाटे, पण बायकांच्या हाताने तो खणला जात नाही. हुस्नाबानो मोठ्याने म्हणाली, "बापाहो, त्या उंबरापाशी कोणी खणू नका." हे खरेच आहे, खणले तर झाडाची मुळे उघडी पडतात. लगेच सगळे तिकडेच का धावले, ते मला सांगता येणार नाही. त्या वेळी हुस्नाबानोने तोंडाला पदर का लावला, हे साहेबांनी विचारले. धूळ फार होती.

उंबराजवळ जगदेवचाच बांध आहे. तो त्याने आपल्या हाताने फोडला. आता तो म्हणतो, आम्ही नाल्यात दगड पेरून त्याला नादी लावले व टोपल्यांतले दगड त्याचे आहेत. हे खोटे आहे. आमच्या टोपल्या ठाण्यात जप्त करून आणल्या आहेत. त्या परत मिळाव्यात.

दगड कशाला लागतात, असे साहेबांनी पुन्हा विचारले. वांगी, मेथी, सांबार म्हणजे कोथिंबीर, जे पिकवते ते सगळे पहाटे बाजारात जाते. चांगले तेवढे आधी जाते, घरी किडके राहते. हे दगड तेवढे जात नाहीत. दुपारी दोघी जणी ओट्यावर बसून पाहतो. यापेक्षा जास्त कारण माझ्याजवळ नाही.

जगदेवला आपले दगड ओळखण्यास सांगितले तेव्हा त्याने टोपलीतून एक फुटकी गारगोटी घेतली व ठाण्याच्या दारात उन्हाला धरली. आत जांभळे स्फटिक आहेत. ती त्यानेच फोडून माझ्या पायाशी फेकलेली आहे. ती त्याने फिरवून फिरवून पाहिली. मग म्हणाला, "गोजराबाई, हे असं कसं दिसून राह्यलं वं?" मी म्हणाले, "तुमीच फेकलं न भाऊ."

आता तो म्हणतो, फिर्याद मागे घेतो, पण एवढी एक मला असू द्या. देण्यास माझी हरकत आहे. ओट्यावर येऊन पाहण्यास हरकत नाही. हुस्नाबानोचीही नाही.

येणेप्रमाणे माझा जबाब मला मराठीत वाचून दाखवला, तो मी सांगितल्याबरहुकूम आहे. वाचून होईपर्यंत जगदेवने गारगोटी खाली ठेवलेली नाही, हेही लिहावे असे मी म्हटल्यावरून लिहिले.

निशाणी डाव्या हाताचा अंगठा, गोजराबाई.