साफ केलेलं गाणं

देवरीच्या स्टँडवर अर्जुनीची बस अजून लागली नव्हती. बाकावर बसची वाट पाहणाऱ्या निर्मलाबाईंच्या शेजारी बसलेल्या म्हातारीला कुडव्याचा डीजेवाला हेडफोन लावून देत होता.

"आयक, लीलाकाकू. काकाजी गेले, पण आवाज पाय! तू देलेली त्याइच्या गाण्याची कॅसेट कंप्युटरमधी टाकलो, एक ओळ कापून घडीघडी लावलो, खालून ढोल देलो. साऱ्या वराती नाचून राहिल्या."

"त्याचाच हाय आवाज. पण मधात थांबे ना तो?"

"ते साफ करून टाकलो."

"काऊन?"

"गाता गाता खोकलले, अन् 'लीले, पाणी आण' म्हणाले. वरातीत कोण आयकते ते?"

"मी आयको ना, बापा. रोज."

"तं आता हे आयक ना, काकू."

"कॅसेट दे माही वापस."

"मशीननं खाल्ली, काकू. अन् कंप्युटरमधी कापलेलंच ठेवलो. पण गाणं तं हाय ना!"

"गाणं तो साऱ्या गावासाठी गाये. मले मारलेली हाक तेवढीच होती."

"ते 'पाणी आण' मी म्हणून देऊ काय? तसंच, त्याइच्या आवाजात?"

"नोको रे. तू म्हणशील, अन् मी उठीन पाणी आणाले."