नैरोबीचा मुराळी

सुगंधा : बाबा, नकाशावरची पट्टी उचला आता. धुळ्याची मंडळी तुमच्या होकारासाठी ओट्यावर बसलीत. दोनदा चहा झाला त्यांचा.

लोटन : थांब जरा. मुंबई ते नैरोबी साडेचार हजार किलोमीटर. सहाचा एक टप्पा धरला तर साडेसातशे टप्पे. जळगाव डेपोत उभा जन्म तिकिटं फाडली सुगंधे, एवढ्या लांबचं कुणाला दिलं नाही.

सुगंधा : विमान टप्प्याटप्प्यावर थांबत नाही, बाबा. सहा तासांत जातं.

लोटन : सहा तास? तेवढे तर साक्रीला लागतात. धुळ्याला गाडी बदलून.

सुगंधा : तेच सांगतेय कधीची.

ताईबाई : काय चालनं रे लोटन? माले बी सांग.

लोटन : माय, मुलगा चांगला आहे हा गिरधर, घरही चांगलं. पण नोकरी नैरोबीला. आखाजीच्या सणाला लेक माहेरी आणायची, तर तिथे तिला न्यायला मुराळी कोण जाईल?

सुगंधा : मी एकटी येईन की.

लोटन : न्यायला घरचं माणूस गेल्याशिवाय आपल्यात कोणती लेक आखाजीला आलीय? तुला भाऊ नाही. आणि मी काही विमानात बसायचा नाही. माझे पाय जमिनीवर बरे.

सुगंधा : गाडीच्या दारात लटकून घाट उतरता, तेव्हा?

लोटन : तेव्हा खाली रस्ता दिसतो.

ताईबाई : लोटन, मना माहेर कितलं दूर शे?

लोटन : साक्री? जवळच की. दिवसात पोचतो माणूस.

ताईबाई : जवळच. मना भाऊ तीन आखाज्या ऊना नही. मी नवं लुगडं नेसीसन दारमा बशी ऱ्हाऊ. गावन्या बठ्ठ्या पोरी झोकावर, अन् मी दारमा. सासू म्हने, साक्री काय इलायतमा शे का? लई रडनू मी.

लोटन : हे कधी बोलली नाहीस, माय.

ताईबाई : तू कधी इचारं? तू टप्पाच मोजस.

लोटन : बरं, मग तूच सांग. कोण जाईल?

ताईबाई : मी जासू.

लोटन : तू? बाईमाणूस मुराळी?

ताईबाई : इमानमा बसाले मिशा लागतस का?

(सुगंधा ओढणी तोंडात कोंबून हसते.)

लोटन : माय, जळगावपर्यंतच्या गाडीत तुला मळमळतं.

ताईबाई : लिंबू लीसू संगे.

सुगंधा : आजी, खरंच येशील मला न्यायला?

ताईबाई : येसू ना. तुना बाप घाबरस, मी नही घाबरत.

लोटन : घाबरायचा काय प्रश्न आहे? पण तुला एकटीला कसं पाठवू? परका मुलूख, परकी भाषा. मलाच यावं लागेल बरोबर.

सुगंधा : विमानात, बाबा?

लोटन : नाहीतर काय बैलगाडीत?

ताईबाई : मंग तूच जाय मुराळी. मी कसाले येऊ? तुम्ही दोन्ही येतस तवलोंग मी आठे पुरनना मांडा करसू. ऊठ आते, पाहुणासले सांगी ये.