माळ्यावरची कॉफी

आमच्या आईला कुणाची भीती वाटलेली मी एकदाच पाहिली.

वेल्ह्यात फणसांच्या सावलीत आम्ही कॉफी लावली होती. पहिल्या पिकाच्या बिया आईनं भाताच्या बियाण्यासारख्याच चुलीवरच्या माळ्यावर ठेवल्या, धुरानं कीड लागत नाही म्हणून. मग नमुना घेऊन आई, वडील आणि मी पुण्याला गेलो. कॉफी खरेदी करणाऱ्या बाईंनी बिया भाजल्या, दळल्या, चमचाभर कॉफी फुर्रकन ओढली आणि डोळे मिटले.

"चुलीचा धूर आहे."

आम्ही गारच पडलो.

"आणि धुराच्या मागं सुकट."

वडील माळकरी. ते हसले. "हितं मातर तुमी चुकला, बाई. आमच्या घरात सुकट न्हाई."

बाईंनी पुन्हा घोट घेतला. "आहे. हा माल नाही घेता येणार. पुढच्या वर्षी चुलीपासून लांब ठेवा, मी स्वतः घरी येऊन बघेन."

परतीच्या एसटीत वडलांना डुलकी लागली, तशी आई माझ्या कानाशी लागली.

"माळ्यावर माझं सुकटीचं गाडगं हाय. इतकी वर्सं ह्यांना पत्ता न्हाई, अन् तिला पुण्यात बसून चमच्यात घावलं! आता ती घरी येनार. गाडगं हलवीन, पर मनातलं कुठं लपवू रं?"